कोठीतून पाहिलेला शेजार

अतिथिगृहाच्या व्यवसायात जिला दर्शनी बाजू म्हणतात तिच्याशी माझा संबंध फारसा आलाच नाही. स्वागतकक्षातील पुष्परचना, पाहुण्यांना पुढे होऊन केलेले नमस्कार, भोजनगृहातील मंद दिवे हा सारा प्रांत इतरांचा. माझ्या वाट्याला आयुष्यभर आली ती कोठी, जिथे पहाटे मासळी तोलून घ्यायची, तांदळाच्या गोणी मोजायच्या, डबाबंद मालावरची बारीक अक्षरे उजेडात धरून वाचायची आणि दिवेलागणीच्या सुमारास मालाचा व कागदाचा मेळ घालून कुलूप लावायचे. हे काम रुक्ष खरे. परंतु त्याचा एक लाभ असा की, वरच्या मजल्यावर जे धोरण म्हणून जाहीर होते ते खाली कोठीत वस्तू होऊन येते, आणि वस्तूला वक्तृत्व नसल्यामुळे त्या धोरणाचा खरा आकार प्रथम तेथेच दिसतो. इंडोनेशियातील लोंबोक बेटावर हलाल पर्यटनाचा जो विस्तार झाला तो मी असा कोठीच्या दारातून पाहिला, आणि त्या बेटावरच्या हिंदू वस्तीशी त्याचे नाते कोठे जुळले व कोठे ताणले गेले हेही तेथूनच पाहिले.

मुंबईतील उमेदवारीनंतर काही वर्षे मी मस्कतला काढली होती. तेथे हलाल हा शब्द आमच्या दप्तरात क्वचितच येई, कारण बाजारातला बहुतेक माल तसाच असे आणि ज्याला पर्याय नाही त्याची कोणी पाटी लावत नाही. 2015 च्या अखेरीस लोंबोकच्या पश्चिम किनाऱ्यावरील सेंग्गिगी येथील एका हॉटेलात खरेदी व कोठी यांचा कारभार हाती घेतला तेव्हा मात्र हा शब्द सर्वांच्या तोंडी होता. त्याच वर्षी अबू धाबी येथे झालेल्या जागतिक हलाल प्रवास पुरस्कारांत लोंबोकला सर्वोत्तम हलाल पर्यटनस्थळ आणि सर्वोत्तम हलाल मधुचंद्रस्थळ असे दोन मान मिळाले होते, आणि ‘सहस्र मशिदींचे बेट’ हे त्याचे जुने बिरुद एकाएकी बाजारमूल्य धारण करून बसले होते. पुढल्याच वर्षी लोंबोक ज्यात मोडते त्या पश्चिम नुसा तेंग्गारा प्रांताच्या सरकारने हलाल पर्यटनाविषयीचा 2016 चा दुसरा प्रांतिक कायदा मंजूर केला. त्या वेळचे राज्यपाल महंमद झैनुल मज्दी हे स्वतः धर्मपंडित, बेटावरील ‘नहदलतुल वतन’ या मोठ्या धार्मिक-शैक्षणिक संस्थेच्या संस्थापकांचे नातू. त्यामुळे या उपक्रमास राजाश्रय आणि धर्माश्रय असे दोन्ही आधार एकदम लाभले.

या धोरणाचे कोठीत उतरलेले रूप सांगितल्यावाचून पुढचे समजणार नाही. निजण्याच्या खोलीत किब्ल्याची, म्हणजे मक्केची, दिशा दाखविणारा बाण, शौचगृहात पाण्याची सोय, वजूसाठी, म्हणजे नमाजाआधी हातपाय धुण्यासाठी, स्वतंत्र जागा, रमझानमध्ये पहाटेच्या सहरीचे जेवण, या गोष्टी सोप्या. अवघड होता तो मुदपाकखाना. हलाल दाखला देणाऱ्या यंत्रणेचे अकरा निकष असत, आणि त्यांचा अर्थ एवढाच की, ताटात पडणारा प्रत्येक पदार्थ कोठून आला, कशाचा झाला आणि कोणत्या भांड्यातून गेला हे कागदावर सिद्ध झाले पाहिजे. मांसाचा प्रश्न कोंबडीच्या कत्तलखान्याच्या दाखल्याने मिटे. परंतु खरी पंचाईत अशा वस्तूंची, ज्यांच्याकडे आयुष्यात कोणी संशयाने पाहिले नव्हते. चॉकलेटच्या केकमधला रमचा अर्क, चिनी स्वयंपाकातले तांदळाचे मद्य, खिरीला घट्टपणा देणारे जिलेटिन, पावावर लोणी फासण्याचे कुंचले, ज्यांचे केस डुकराचे असू शकतात. इतकेच नव्हे तर ज्या पदार्थाच्या नावात सैतान आहे त्याला दाखला मिळत नसल्यामुळे आमच्या एका झणझणीत शेवयांच्या पदार्थाचे बारसेही पुन्हा करावे लागले. ज्या मोठ्या पातेल्यांत पूर्वी डुकराचे मांस शिजत असे ती शाफिई पंथाच्या रीतीप्रमाणे सात वेळा धुवायची, त्यांतली एक खेप मातीच्या पाण्याने. मुदपाकखान्याच्या मागील अंगणात हे काम चालले होते तेव्हा लाल मातीचा गढूळ लोट त्या चकचकीत पोलादी पातेल्यांवरून वाहताना पाहून मला आमच्या आजोळच्या सोवळ्याची आठवण झाली. पातेली घासणारे चौघे. दोघे सासाक, म्हणजे लोंबोकचे मूळ रहिवासी, मुसलमान; दोघे बाली हिंदू. आणि पाणी किती गढूळ असले म्हणजे ते मातीचे पाणी ठरते यावर त्यांचा चाललेला वाद धर्माचा नसून निव्वळ कारागिरीचा होता.

हे बाली हिंदू लोंबोकवर आले कोठून, हे आपल्याकडच्या वाचकास सांगितले पाहिजे. बाली आणि लोंबोक यांच्यामधील सामुद्रधुनी 1856 साली ओलांडताना आल्फ्रेड रसेल वॉलेस याला पाखरे बदललेली दिसली आणि प्राणिसृष्टीची मोठी सीमारेषा येथून जाते असे त्याने ठरविले. माणसांनी मात्र ती रेषा कधीच जुमानली नाही. बालीतील करंगासेमच्या राजघराण्याने पश्चिम लोंबोकवर अंमल बसविला आणि अठराव्या शतकात तेथे देवळे व उद्याने उभी राहिली. लिंगसारचे देवस्थान 1714 चे, चक्रनेगारा येथील मेरूमंदिर 1720 चे, त्याच्या समोरचे मयूरा सरोवर 1744 चे, असे सांगतात. ब्रह्मा, विष्णू आणि शिव यांचे तीन मेरू त्या मंदिरात शेजारी शेजारी उभे आहेत, आणि मधल्या शिवाच्या मेरूला अकरा छपरे आहेत. पूर्व लोंबोकच्या सासाक मुसलमानांना हे राज्य जाचक वाटे. त्यांनी 1891 मध्ये बंड केले, त्या निमित्ताने डच आले आणि 1894 साली त्यांनी चक्रनेगाराचा पाडाव करून राजवाडा लुटला. मजापहित साम्राज्याच्या वैभवाचे वर्णन करणारे प्रपंच कवीचे 1365 मधील ‘नागरकृतागम’ काव्य त्याच वाड्यातील ताडपत्रांत सापडले, आणि त्या लुटीतील 335 वस्तू नेदरलँड्सने 2023 मध्ये इंडोनेशियास परत करण्याचे ठरविले. याचा अर्थ असा की, येथला हिंदू हा कालचा राज्यकर्ता आणि आजचा अल्पसंख्य, तर मुसलमान ही कालची रयत आणि आजचा बहुसंख्य आहे. अशा दुहेरी स्मृतीच्या भूमीवर कोणतेही नवे बिरुद रोवले तरी खाली काही तरी जुने खणले जातेच. 2000 सालच्या जानेवारीत मातरम शहरात चर्चे जाळली गेली होती आणि पर्यटक बेट सोडून गेले होते, हीही आठवण माझ्या सहकाऱ्यांच्या बोलण्यात अधूनमधून डोकावे.

आता जो प्रसंग सांगतो तो खरकट्याचा आहे. आमच्या हॉटेलमागे चढणीवर बाली हिंदूंची एक लहानशी वस्ती होती, आणि तेथील एक वराहपालक रोज सकाळी तीनचाकी मोटारगाडीवर निळी पिंपे घालून मुदपाकखान्याच्या मागल्या दाराशी येत असे. रात्रीचा उरलेला भात, टरबुजाच्या साली, भाज्यांची देठे आणि न्याहारीच्या ताटांतले सारे उष्टे तो घेऊन जाई. त्याच्या डुकरांचा खुराक सुटे, आमचा कचरा उचलण्याचा खर्च वाचे, आणि गालुंगानच्या सणास तो फळांची एक करंडी मागल्या दाराशी न बोलता ठेवून जाई. गालुंगान दर 210 दिवसांनी येतो आणि त्याच्या आदल्या दिवशी बाली घराघरांत डुकराचा बळी पडतो. तेव्हा आमच्या ताटातले उष्टे आणि त्यांच्या सणातला नैवेद्य यांच्यामध्ये असा एक सरळ, कोणी न लिहिलेला मार्ग होता. दाखल्यासाठी आलेला तपासनीस, मोठा सालस तरुण, मागल्या दाराशी उभा राहिला आणि त्याने एकच प्रश्न विचारला: “ही पिंपे कोणाची?” पिंपे डुकरांच्या गोठ्यातून येत, आमच्या ओल्या फरशीवर टेकत, त्याच फरशीवरून आचाऱ्यांची पावले आत जात. नियमाच्या दृष्टीने त्याचा आक्षेप निर्विवाद होता, आणि व्यवस्थापनाने सर्वांत सोपा उपाय केला: वराहपालकाचे येणे बंद आणि खरकटे नेण्याचा मक्ता शहरातल्या एका वाहतूकदाराकडे.

या फर्मानाने कोणाचा अपमान करण्याचा हेतू नव्हता, परंतु त्याचा भार नेमका एकाच घरावर पडला. गालुंगान जवळ आलेला, डुकरे वाढीला लागलेली, आणि खुराक विकत घ्यायचा तर नफा तेथेच संपणार. काही दिवसांत त्याने पिल्ले पडेल भावात काढली. इकडे आमच्याकडे मक्तेदार वेळेवर येईना, मागच्या अंगणात उष्ट्याला वास सुटू लागला, आणि माझ्या वहीत जिथे पूर्वी शून्य असे तिथे दर आठवड्याला एक नवी रक्कम चढू लागली. वस्तीवर लोक काय बोलत होते ते आमच्या धुणावळीतील बायांकडून कळले: हॉटेल आता त्यांचे झाले, उष्टेसुद्धा आपल्याला द्यायला त्यांना नको. बोलणे अन्यायाचे होते, पण कोणी ते खोडून काढण्यासाठी वर चढून गेले नव्हते.

गेले ते आमच्या बाजारखरेदीवरचे हाजी. सारे त्यांना पाक हाजी म्हणत; ‘पाक’ हे तिकडचे आदरार्थी संबोधन. सासाक, दोनदा मक्केची यात्रा केलेले, मासळीबाजारात ज्यांच्या शब्दाला वजनकाट्याइतका मान होता असे गृहस्थ. ते एका संध्याकाळी वस्तीवर गेले, त्या वराहपालकाशी “ब्ली (भाऊ), गाडी उद्या ये घेऊन” एवढे बोलून परतले, आणि दुसऱ्या दिवशी तपासनिसाला त्यांनी मागल्या रस्त्यावर उभे केले. “आमचे पिंप आमच्या हद्दीत राहील, त्याचे पिंप रस्त्यावर राहील. मधे फक्त उष्टे पडेल. चालेल?” तपासनिसाने बराच वेळ त्या जागेकडे पाहिले, मग दोन अटी घातल्या: पिंपाला पिंप लागता कामा नये, आणि आमचे पिंप परत येताना अंगणाच्या कडेला धुऊन मगच आत यावे. माझ्या कोठीतून सिमेंटच्या दोन गोणी गेल्या, एका गवंड्याने कुंपणाला लागून कमरेएवढा ओटा आणि त्यावर उतरती पन्हाळी बांधली. सकाळी आमचा पोऱ्या वरून पिंप कलंडी, पन्हाळीतून भात, साली आणि देठे घसरत जात, आणि पलीकडे खाली निळ्या पिंपात पडत. दोन्ही माणसे हातभर अंतरावर उभी असत, कालच्या फुटबॉलच्या सामन्यावर बोलत. मी त्या दोन गोण्या ‘आरोग्य व स्वच्छता’ या खात्यावर टाकल्या, आणि पुढच्या गालुंगानला फळांची करंडी त्याच ओट्यावर आली.

कायद्याने या ओट्याची तरतूद केलेली नव्हती, आणि कायद्याने त्याला मनाईही केलेली नव्हती. हलाल व्यवस्थेच्या संदर्भात मला पुढे जे जे कळले त्याचे सार याच दोन विधानांत आहे असे मी मानतो. स्वच्छतेचा व निषेधाचा नियम एका समाजाला आपले ताट सांभाळण्यास सांगतो. शेजाऱ्याचे काय करायचे ते तो सांगत नाही, आणि ते रिकामे राहिलेले कलम कोणी तरी माणसाने भरावे लागते. तो माणूस नसला तर ते कलम आपोआप भरते, आणि ते नेहमी शेजाऱ्याच्या विरुद्ध भरते. त्यासाठी द्वेष लागत नाही, सोय पुरते.

सोयीने काय होते याचे दुसरे उदाहरण कागदावरचे आहे. हॉटेलच्या आवारात समुद्राकडच्या कोपऱ्यात एक लहान पाषाणी देवस्थान होते; जमीन पूर्वी एका बाली कुटुंबाची, आणि जमीन विकली तरी देवाची जागा विकत नाहीत हा तेथला रिवाज. माळीकामावरची एक प्रौढ बाली स्त्री रोज सकाळी नारळाच्या पात्याची चौकोनी द्रोणी, तीत फुले, चिमूटभर भात आणि वर जळती उदबत्ती असा नैवेद्य तेथे ठेवी. त्या फुलांचा खर्च पूर्वीपासून ‘अतिथिसत्कार’ या सदरात पडत असे. हलालची जाहिरात सुरू झाल्यावर छायाचित्रकाराने तो कोपरा चौकटीबाहेर ठेवला, त्यानंतर लेखा विभागाने विचारले की, जी गोष्ट जाहिरातीत नाही ती अतिथिसत्कार कशी, मग ती रक्कम ‘किरकोळ’मध्ये गेली, आणि वर्षअखेरीस किरकोळ खर्चात कपात करण्याचा हुकूम निघाला तेव्हा ती दिसेनाशी झाली. देवस्थानाला कोणी हात लावला नाही, कोणी हलवा म्हटले नाही. ती बाई आपल्या घरच्या झाडाची फुले आणू लागली, इतकेच. मी हे टिपण काढून पाक हाजींना दाखविले, कारण बाजाराच्या पावत्यांवर सही त्यांची असे. त्यांनी कागद उलटसुलट पाहिला, म्हणाले, “बागेची निगा या खात्यात फुले घालायला कोणाची हरकत आहे, पाक?” आणि दुसऱ्या दिवसापासून भाजीच्या पावतीखाली फुलांची ओळ पुन्हा येऊ लागली. एका मुसलमान खरेदीदाराच्या सहीने हिंदू देवाची फुले येत आहेत याचे आश्चर्य तेथे कोणालाच वाटले नाही. मला वाटले ते मी बाहेरचा होतो म्हणून.

पाहुण्यांच्या बाबतीत सांगायचे तर मलेशियातील कुटुंबे, आखातातील नवविवाहित जोडपी आणि जावामधील सहली हे आमचे मुख्य गिऱ्हाईक. परंतु बालीहून जोडसहल म्हणून येणाऱ्या भारतीय मंडळींची संख्याही वाढत होती. वसंतात न्येपीच्या दिवशी बालीत विमानतळासकट सारा व्यवहार चोवीस तास बंद असतो, म्हणून पुष्कळ प्रवासी आदल्या दिवशीच लोंबोककडे निघून येत, आणि हिंदूंच्या मौनदिनी हलाल बेटावरची हॉटेले भरून जात. त्याच आदल्या संध्याकाळी चक्रनेगाराच्या हमरस्त्यावरून ओगोह-ओगोह नावाचे राक्षसांचे अजस्र पुतळे नाचवीत नेत, आणि रस्त्याच्या दुतर्फा उभ्या असलेल्या गर्दीत डोक्याला रुमाल बांधलेल्या सासाक आया मुलांना खांद्यावर घेऊन उभ्या असत. पुण्या-नाशिकची मंडळी जेवायला बसली की, त्यांचा पहिला प्रश्न गोमांसाचा आणि दुसरा निव्वळ शाकाहाराचा. पहिल्याचे उत्तर देणे मला हलाल व्यवस्थेमुळेच सोपे झाले, कारण कोणते मांस कोणत्या पातेल्यात शिजले हे आता कागदावर होते. दुसऱ्याचे उत्तर मात्र तिच्यात नव्हते: नदीकाठच्या पालेभाजीचा ‘प्लेचिंग कांगकुंग’ हा लोंबोकचा लाडका पदार्थ दिसायला शुद्ध शाकाहारी, पण त्यावरच्या मिरचीच्या वाटणात कोळंबीचा आंबवलेला गोळा असतो, आणि कोळंबी हलालच आहे. तेव्हा माझ्या नोंदवहीत हलालच्या रकान्याशेजारी मी आणखी रकाने आखले: गोमांस-संसर्ग, कोळंबी-मसाला, कांदा-लसूण. आचारी प्रथम हसले. पुढे तेच वाढप्याला सांगू लागले की, वहीत पाहून मग ताट उचल.

रकान्यांची ही माझी कल्पना त्या बेटावर फार पूर्वी, फार मोठ्या प्रमाणावर कोणी तरी अमलात आणली होती, हे मला लिंगसारला कळले. या देवस्थानाचे दोन भाग आहेत: वरचे ‘गादुह’ हे हिंदूंचे मंदिर, खालचे ‘केमालिक’ हे सासाकांचे पवित्र स्थान, जिथे वस्त्रांत गुंडाळलेल्या शिळा आहेत आणि एका कुंडात पवित्र वाम मासे असून त्यांना उकडलेल्या अंड्यांचे आमिष दाखवितात. वेतू तेलू म्हणून ओळखली जाणारी, पूर्वजपूजा व इस्लाम यांचा मेळ घालणारी सासाकांची परंपरा येथे नांदली. नोव्हेंबर-डिसेंबरच्या सुमारास एका पौर्णिमेला, उन्हे कलली आणि वारू वृक्षाची फुले गळू लागली म्हणजे येथे ‘पेरांग तोपात’ सुरू होतो: नारळाच्या पात्यात विणून उकडलेल्या भाताच्या पुड्या हिंदू व मुसलमान एकमेकांवर फेकतात, हसतात, चुकवतात, आणि शेवटी त्याच पुड्या उचलून नेऊन शेतात पुरतात किंवा फळझाडाला टांगतात, पीक चांगले यावे म्हणून. त्याआधी देवस्थानाभोवती एक प्राणी मिरवतात, आणि तो म्हैस-कुळातला असतो. गाय नाही, कारण हिंदूंना ती पूज्य. डुक्कर नाही, कारण मुसलमानांना ते निषिद्ध. आमच्या माळीणबाई आणि पाक हाजी मला तेथे घेऊन गेले होते; मिरवणुकीतला रेडा जवळून गेला तेव्हा दोघांनीही त्याच्या वाटेतून एकाच सहजतेने पाय मागे घेतले.

या निवडीचा मी पुढे पुष्कळ विचार केला. लिंगसारच्या अंगणात दोन्ही पक्ष काही तरी सोडून येतात. ज्याने सोडले त्याला दुसऱ्याने काय सोडले हे दिसते, आणि म्हणून त्या त्यागात लाचारी वाटत नाही. हलाल पर्यटनात पाहुण्यासाठी काय वर्ज्य करायचे याची यादी असते, पण ती एकाच दिशेने वाचली जाते. शेजाऱ्याला जे वर्ज्य आहे त्याचा रकाना तीत नसतो. लिंगसारही सर्वांना प्रिय आहे असे नाही. कर्मठ विचाराच्या काही धर्मोपदेशकांना ही मिसळ रुचत नाही, वेतू तेलूच्या अनुयायांवर शुद्ध इस्लामचा दबाव गेली कित्येक दशके आहे, आणि हिंदू-मुसलमानांपैकी कोणाचे काय किती जुने यावरून तेथेही वाद झालेले आहेत. तरीही उत्सव दरवर्षी होतो, आणि तो टिकला आहे तो काय वर्ज्य हे स्पष्ट असल्यामुळे.

2018 च्या जुलै-ऑगस्टमध्ये लोंबोकला भूकंपांची मालिका झाली. 5 ऑगस्टच्या 6.9 तीव्रतेच्या धक्क्याने उत्तर लोंबोक भुईसपाट झाले आणि एकंदर पाचशेंहून अधिक माणसे गेली. आमचे हॉटेल रिकामे झाले, पण कोठी शाबूत होती, आणि मागच्या मैदानात चढणीवरची हिंदू वस्ती व रस्त्यापलीकडची सासाक वाडी ताडपत्र्यांखाली एकत्र येऊन राहिली. रोज काय शिजवायचे याची कोणी बैठक घेतली नाही. भात, अंडी, सुकी मासळी, नूडल्सची पाकिटे. ना गोमांस, ना डुकराचे मांस. पाकिटांवर हलालचा शिक्का होता आणि तो कोणी वाचत नव्हते. मला एवढेच नोंदवायचे आहे की, ज्यांना लिंगसारची सवय होती त्यांना हे शिकवावे लागले नाही.

पुढल्या वर्षी, 2019 च्या निवडणुकीच्या धामधुमीत, उपाध्यक्षपदाचे उमेदवार सांदियागा उनो यांनी बालीतही हलाल पर्यटनास वाव आहे असे म्हटले आणि बालीत मोठे वादळ उठले. राज्यपाल वायान कोस्तेर यांनी बालीचे पर्यटन बालीच्या संस्कृतीवर उभे आहे असे सांगून ती कल्पना नाकारली. त्याच वर्षी सुमात्रातील तोबा सरोवराच्या ख्रिस्ती बाताक प्रदेशात अशाच प्रस्तावाच्या निषेधार्थ चक्क वराहोत्सव भरविण्यात आला. लोंबोकमधील माझ्या हिंदू सहकाऱ्यांनी बालीतील नातलगांचा हा संताप समजून घेतला, पण तो त्यांना थोडा दूरचा वाटला, आणि त्याचे कारण मला महत्त्वाचे वाटते. बालीत हलाल भोजन नवे नाही. बुलेलेंगमधील पेगायामानसारखी मुसलमान गावे तेथे शतकानुशतके आहेत, तेथील मुलांना वायान, माडे, न्योमान, केतुत अशी बाली नावे असतात, हिंदू त्यांना ‘न्यामा सेलाम’ म्हणजे मुसलमान भाऊबंद म्हणतात, आणि सणासुदीला एकमेकांकडे अन्नाची ताटे जातात. बालीने नाकारले ते ताट नव्हे, पाटी. ताट घराघरांत जाते आणि जाताना दुसऱ्याचा विचार करून भरले जाते. पाटी मात्र सबंध बेटाच्या कपाळावर लागते, आणि मग त्या बेटावरचे जे जे तिच्यात बसत नाही ते फुलांच्या खर्चाप्रमाणे एकेक सदर खाली सरकत जाते. लोंबोकवर पाटी लागली होती, पण ओटा बांधणारे हातही होते. म्हणून तेथे नाते तुटले नाही. ते हात नेहमीच असतील असे गृहीत धरून धोरण आखता येत नाही, हीच माझी त्या धोरणाविषयीची तक्रार.

हलालचा दाखला घेण्यात मला आजही गैर काही दिसत नाही. परक्या मुलखात आपल्या पोटात काय जाते याची खातरजमा मागणारा मलेशियन गृहस्थ आणि भाजीत कोळंबी नाही ना असे दहा वेळा विचारणारी सदाशिव पेठेतली आजीबाई एकाच जातीचे प्रवासी आहेत, आणि दोघांनाही खरे उत्तर मिळाले पाहिजे. आता निवृत्तीनंतर कोकणातले वा गोव्यातले कोणी तरुण हॉटेलमालक या दाखल्याविषयी सल्ला विचारायला येतात, तेव्हा मी त्यांना कागदपत्रांची यादी देतो, परंतु त्याआधी दोन प्रश्न करतो: तुमचे खरकटे आज कोण नेतो, आणि दाखला मिळाल्यावर कोण नेणार? ज्याला दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर ठाऊक आहे त्याने खुशाल अर्ज करावा. ज्याला ते शोधावे लागेल त्याने अर्ज भरण्याआधी मागच्या रस्त्यावर जाऊन, त्या माणसाला गाठून, ओटा कोठे बांधता येईल ते पाहून यावे. सिमेंट फार लागत नाही.